आत जाऊन येणारा सूर

माझं वाक्य त्याने काडीला दिलं. दुपारची वेळ होती, हॉल भरला होता, मागच्या भिंतीपाशी लोक उभे होते आणि मी कडेच्या खुर्चीवर मांडीत पाण्याच्या बाटल्यांचं खोकं घेऊन बसले होते. काडी वाजवून थांबली. बासरी ओठांपासून खाली आणून ती तशीच उभी राहिली, कारण आमच्या स्पर्धेत तसा नियमच आहे. वाजवून झालं की लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत, वाजवणाऱ्याने जागेवरून हलायचं नाही, परीक्षक एक वाक्य बोलतो ते ऐकायचं, आणि मग काय त्या टाळ्या. गुण नाहीत, लेखी शेरे नाहीत. एक वाक्य, माइकशिवाय, सगळ्यांसमोर. परीक्षक म्हणजे माझा नवरा. त्याने नेहमीसारखी मान थोडी कलती केली, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, "तू श्वास घेतेस तेव्हा सूर तुटत नाही, तो आत जाऊन येतो." टाळ्या पडल्या. माझ्या मांडीतल्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या, इतकंच. बाहेरून पाहणाऱ्याला दुसरं काहीही दिसलं नसतं.

ते वाक्य माझं होतं. याच हॉलमध्ये, स्पर्धेच्या पहिल्या वर्षी, मी त्याच जागी उभी होते. तेव्हा मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होते आणि बासरी वाजवत होते, आणि दोन्ही गोष्टी आयुष्यभर चालतील अशी माझी समजूत होती. परीक्षक तेव्हाही तोच होता आणि हेच वाक्य त्याने मला दिलं होतं. तो तेव्हा एका बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. अंगावर सतत काळा शर्ट, बोलणं कमी. मी स्पर्धा जिंकले नाही, जिंकणाऱ्याचं नावही आज आठवत नाही, पण ते वाक्य मी घरी घेऊन गेले. तोपर्यंत माझ्याबद्दल लोक जे बोलत ते सगळं दुसऱ्या कोणाबद्दलही चाललं असतं. हुशार आहे, नीटनेटकी आहे, अक्षर छान आहे. हे वाक्य मात्र मापाने शिवल्यासारखं फक्त मलाच बसत होतं. कोणीतरी मी वाजवलेलं सोडून माझं न वाजवणं ऐकलं होतं. पुढे लग्न झालं, मी कानांच्या दवाखान्यात नोकरी धरली, बासरी जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात गेली. मी वाजवणं सोडलं असं कधी ठरवलं नव्हतं; रोज उद्यावर जात राहिलं. त्याने कधी "का गं सोडलंस?" असं विचारलं नाही, आणि मी त्या न विचारण्याचाही चांगला अर्थ लावला होता. मला वाटायचं, ते वाक्य आहे ना. एकदा ऐकलेलं त्याच्या आत कुठेतरी चालूच असणार.

मत्सराचं मला आधी कुतूहलच वाटलं. तो छातीत असतो असं उगाच म्हणतात. माझा मनगटात सुरू झाला, मग दातांच्या मुळाशी गेला, बर्फाचं पाणी पटकन प्यायल्यावर होतं तसं. पुढच्या मुलाने गिटार जुळवायला घेतली होती आणि मी काडीकडे बघत होते. काडी म्हणजे सोळा वर्षांची, हडकुळी, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. हे नाव तिला बाकीच्या पोरांनी ठेवलं आणि तिने ते असं स्वीकारलं की आता तिची आईसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारते. ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. चेहऱ्यावर आनंद नव्हता. भुवया जवळ आल्या होत्या, हातात दिलेली वस्तू नक्की कशाला वापरतात हे न कळल्यासारखं ती माझ्या नवऱ्याकडे बघत होती. मला त्याचाही राग आला. एवढं दिलं तर घे तरी नीट.

ती वर्षभर आमच्या घरी येत होती. बासरी तिची तीच शिकलेली. ती यायची ताल पक्का करायला. स्वयंपाकघरात ओट्याला लागून आमचं छोटं टेबल आहे, दोनच खुर्च्या. ती आली की माझ्या खुर्चीवर बसायची, आणि तो आपली खुर्ची फिरवून बरोबर तिच्यासमोर घ्यायचा. मी दवाखान्यातून येऊन पिशवी ठेवायचे, भाजी चिरायला घ्यायचे, दोघांच्या मागे. ती बोलायची आणि तो तिच्या तोंडाकडे बघत असायचा. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. इतकं मन लावून की ती बोलता बोलता थांबली की त्याचा चेहराही थांबायचा. मी पाठमोरी उभी राहून काहीतरी विचारायचे, मीठ कुठे ठेवलंस, उद्या बिल भरशील का, आणि तो "हं" म्हणायचा. माझ्या बोलण्याला "हं" आणि तिच्या बोलण्याला अख्खा चेहरा. त्याच्या वागण्यात वावगं काही नव्हतं. असतं तर सोपं झालं असतं, मी भांडले असते, भांडी आपटली असती, माझ्या आईने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या असत्या. पण एखादा माणूस दुसऱ्याचं फार चांगलं ऐकतो अशी तक्रार घेऊन कोणाकडे जायचं? एकदा मी चेष्टेने म्हणाले, "काडीचे ओठ काय पाठ करतोयस?" तो दचकला. मग म्हणाला, "अगं, फुंकर कशी मारते ते बघतोय." मी ते दचकणं जपून ठेवलं होतं. आता हॉलमध्ये बसून ते बाहेर काढलं आणि त्या वाक्याच्या शेजारी ठेवलं.

मध्यंतरात चष्मेवाले माझ्याजवळ आले. हॉलच्या खाली त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. हॉलही त्यांचा, सूत्रसंचालनही त्यांचंच, आणि विनोदही तेच दर वर्षी. "काय वहिनी, डोळे माझ्याकडे, कान तुमच्याकडे. आता कोणी नाकाचं दुकान काढलं की आख्खं तोंड आपल्या गल्लीत दुरुस्त होईल." मी हसले. ते खुर्ची ओढून बसले. "साहेबांचं आजचं वाक्य बाकी ऐकलंत? श्वासाचं? काटा आला अंगावर. या पोरांना दुसरीकडे कोण असं बोलतं हो? घरी म्हणतात अभ्यास कर, शाळेत म्हणतात आवाज कमी कर. इथे एक माणूस आहे की जो सगळं ऐकतो." मग ते आवाज उतरवून म्हणाले, "मात्र हल्ली त्यांची वाक्यं मला ओळखीची वाटतात. त्या सकाळच्या तबलेवाल्याला म्हणाले ना, तुझा डावा हात उजव्याची वाट बघतो म्हणून? ते मागे कोणाला तरी म्हणाले होते. की माझंच वय झालं?" मी म्हणाले, "वयच झालं असेल." ते मोठ्याने हसले आणि उठून गेले. मी त्यांच्या बोलण्यातलं मला हवं तेवढंच घेतलं. तबलेवाल्याशी मला देणंघेणं नव्हतं. माझ्या वाक्यासारखी इतरांचीही वाक्यं वाटली जात असतील, तर माझं दुःख स्वस्त होत होतं, आणि ते मला परवडणारं नव्हतं.

काडीने मला जिन्यात गाठलं. मी रिकामं खोकं खाली नेत होते, ती मागून दोन दोन पायऱ्या उतरत आली. "काकू, एक विचारू? तुम्ही खरं सांगाल?" मी खोकं कठड्यावर टेकवलं. "ती दुसरी ओळ संपून तिसरी सुरू होते ना, तिथे माझा श्वास चुकला. म्हणजे मला दम पुरला नाही, मी मधेच घेतला, असा हुंदक्यासारखा. सूर सरळ तुटला. मला स्वतःला ऐकू आला." तिने गळ्यावर हात ठेवला. "आणि सर म्हणतात तुटत नाही. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले का? तसं असेल तर ते वाक्य मला नकोय." मला ते ऐकू आलं होतं. माझं कामच ते आहे. तिसऱ्या ओळीआधी एक ओला, घाईचा, तोंडाने ओढलेला श्वास आला होता, कापड फाटावं तसा, आणि त्यानंतरचा सूर थोडा वर लागला होता. मी ते सांगितलं. सगळं सांगितलं, जागा सांगितली, सूर किती चढला ते सांगितलं, आणि सांगताना मला जो आनंद होत होता तो इतका स्वच्छ होता की माझाच आवाज मला गोड वाटला. "तुटला," मी म्हणाले. "मागच्या भिंतीपर्यंत कळला असेल." मी तिचा चेहरा पडायची वाट पाहिली. तिच्या भुवया सुटल्या. ती हसली, पेन्सिल काढून केस पुन्हा बांधले आणि म्हणाली, "म्हणजे मला बरोबर ऐकू येतं. थँक्यू, काकू. मला वाटलं माझंच डोकं फिरलं." आणि वर पळाली. मी मारायला काढलेली गोष्ट ती बक्षीस म्हणून घेऊन गेली होती. जिन्यात ओल्या रंगाचा वास येत होता. मी खोकं उचललं आणि खाली नेऊन ठेवलं.

त्यानंतरच मला तो प्रश्न पडला जो आधीच पडायला हवा होता. तुटलेला सूर त्याला ऐकू कसा आला नाही? दवाखान्यात मी दुसऱ्या कोणाबद्दल हे ऐकलं असतं, तर उत्तर तोंडावर असतं. श्वासाच्या आवाजाला जाडी नसते. तो वरच्या, बारीक पट्ट्यांत असतो, जिथे स, श, फ राहतात, पक्ष्यांचे आवाज राहतात, यंत्रांच्या शिट्ट्या राहतात. कान झिजायला लागले की बहुधा तेच आधी जातं. वर्षानुवर्षं ड्रमच्या झांजांशेजारी उभं राहून बेस वाजवणाऱ्याचं तर नक्कीच. पण त्याची तपासणी मीच केली होती, गेल्या वर्षी, आमच्याच दवाखान्यात, आणि त्याचे कान लहान मुलासारखे निघाले होते. मला त्याचा अभिमान वाटला होता. मग तो बहिरा नव्हता, तर उदार झाला होता. काडीसाठी त्याने न ऐकल्यासारखं केलं होतं. तुटलेला सूर त्याने झाकला, आणि झाकायला माझं वाक्य वापरलं. जिन्यातून वर येईपर्यंत माझा मत्सर पुन्हा आपल्या जागी येऊन बसला होता, आधीपेक्षा आरामात.

घरी आल्यावर मी ओव्हनमध्ये ब्रेड गरम करायला ठेवला. तो टेबलाशी पाय पसरून बसला होता, दमलेला, खूश. "काडीचा श्वास ऐकलास?" मी विचारलं. मी त्याच्या समोर होते. "अगदी स्वच्छ," तो म्हणाला. "तिसऱ्या ओळीआधीचा?" "तोच तर." त्याच्या चेहऱ्यावर खोटं बोलणाऱ्याची एकही खूण नव्हती. मी हा चेहरा ओळखते. वाढदिवसाची भेटवस्तूसुद्धा त्याला लपवता येत नाही. तेवढ्यात ओव्हन वाजला. आमच्या ओव्हनची शिट्टी भयंकर आहे, बारीक आणि लांब, वरच्या मजल्यावरची बाई एकदा खाली विचारायला आली होती. तो ओव्हनच्या अगदी शेजारी बसला होता. त्याच्या पापणीलाही काही कळलं नाही. शिट्टी वाजत राहिली आणि तो माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "ब्रेड झाला असेल ना एव्हाना?" मी ओव्हन बंद केला. ब्रेड काढला. हात भाजला, तेही नंतर कळलं.

मग मला ती तपासणी आठवली, पहिल्यापासून. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, मी जेवले नव्हते, तो हसत हसत काचेपलीकडच्या बंद खोलीत जाऊन बसला होता, हेडफोन लावून, हातात बटण घेऊन. सूर ऐकू आला की बटण दाबायचं, की माझ्याकडे दिवा लागतो. यातला पहिला धडा असा की दोन सुरांमधलं अंतर सारखं ठेवायचं नाही. कधी लवकर द्यायचा, कधी ताटकळत ठेवायचं, म्हणजे माणूस अंदाजाने बटण दाबत नाही. मी घाईत होते आणि भुकेली होते आणि समोर नवरा होता. मी एकसारख्या अंतराने सूर देत गेले असणार, एक, दोन, एक, दोन. आणि तो आयुष्यभर बँडचा ताल धरून बसलेला माणूस. त्याने पहिले चार सूर ऐकले, लय पकडली, आणि पुढे ऐकू येवो न येवो, बरोबर समेवर बटण दाबत गेला. तो फसवत नव्हता. त्याला खरंच वाटलं असणार की ऐकू येतंय. येणारा ठोका त्याला नेहमीच आधी ऐकू येतो. माझा दिवा लागत गेला, मी आवाज कमी कमी करत गेले, तरी दिवा लागत गेला, आणि मी म्हणाले वा. इतर कोणाच्या बाबतीत मला संशय आला असता. इतर कोणाच्या बाबतीत तसं घडलंच नसतं.

म्हणजे तो काडीचे ओठ वाचत होता. वर्षभर. मला हे कळल्यावर मोकळं वाटायला हवं होतं. मी भाकरी भाजल्यासारखा तो विचार दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला, पण मोकळं वाटलं नाही. तिच्या बोलण्यासाठी त्याला ओठ बघावे लागत होते, कारण ती काय बोलेल ते त्याला माहीत नव्हतं. मी पाठमोरी बोलले तरी त्याचं भागत होतं. मीठ, बिल, उद्या. माझं सगळं त्याला पाठ होतं. माझ्या बोलण्यावर तो तालानेच "हं" म्हणत होता. दवाखान्यातल्या त्या तपासणीसारखं आमचं घर चाललं होतं. आणि हे सगळं त्याला सांगितलं की स्पर्धा संपणार होती. ज्याला श्वास ऐकू येत नाही तो त्या खुर्चीत बसणार नाही, इतका तो सरळ आहे. मग पोरांना वाक्यं मिळणार नाहीत. काडीला मिळणार नाहीत. हा विचार मी मनात थोडा वेळ राहू दिला. त्याला बसायला खुर्चीसुद्धा दिली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला सुट्टी होती. "यंत्र दुरुस्त होऊन आलंय, जरा तपासायला बस ना," मी म्हणाले. तो लगेच आला. माझ्यावर कसलाही संशय न घेणं ही त्याची जुनी सवय आहे. मी त्याच्या कानांवर हेडफोन बसवले, दार लावून घेतलं आणि काचेअलीकडे येऊन बसले. या वेळी नियमाने काम केलं. मध्येच लवकर, मध्येच ताटकळत ठेवून. खालचे सूर त्याने सगळे पकडले. मधले पकडले. वर सरकत गेले तसा दिवा चुकायला लागला, आणि मग एका जागी पूर्ण विझला. मी आवाज वाढवला. वाढवला. काचेपलीकडे तो डोळे मिटून, मान कलती करून बसला होता, हॉलमध्ये बसतो तसाच, पोरांचं ऐकताना बसतो तसाच. इतक्या मोठ्या आवाजात मी तो सूर देत होते की माझ्या दालनात भिंतीतून त्याची बारीक सुई ऐकू येत होती. तो शांतपणे वाट बघत होता.

मी हात उचलले. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि नुसती बघत बसले. यंत्र गप्प होतं. त्याच्या कपाळावर एक आठी आली, सैल झाली. दिवा लागला.

मी काहीच वाजवलं नव्हतं. थोडा वेळ गेला आणि पुन्हा लागला. मग बराच वेळ नाही. मग पुन्हा. त्यात माझ्या तपासणीची लय नव्हती, कोणत्याच मोजता येणाऱ्या तालाची नव्हती. लांब, लांब, आखूड, लांब. जिथे ओळ संपते, जिथे माणसाला श्वासासाठी थांबावंच लागतं. मी आणि काडी, आम्ही दोघींनी त्याच हॉलमध्ये एकाच जातीच्या संथ चालीची धून वाजवली होती, आणि मी खुर्चीच्या कडेला बोटं दाबून आठवायचा प्रयत्न केला की मी कुठे श्वास घ्यायचे. तिची जागा मला माहीत होती, मीच तर तिला सांगितली होती. माझी मला आठवेना. ते पाहायला अभ्रा सोडून बासरी काढावी लागली असती. दिवा लागत होता आणि विझत होता, आणि आत कोण वाजवतंय ते मला कळत नव्हतं.

मी दार उघडलं. त्याने हेडफोन काढले, डोळे चोळले. "शेवटचे फार हळू होते गं," तो म्हणाला. "पण सोडले नाहीत." त्याच्या चेहऱ्यावर तोच परीक्षकाचा आनंद होता, नेमकं काही हाती लागल्याचा. मी हेडफोनची वायर गुंडाळत, त्याच्याकडे पाठ करून विचारलं, "कोणाचे होते?" त्याने "हं" म्हटलं. मी वळले. त्याला कळलं असावं की त्या "हं"ने भागलेलं नाही, कारण तो पुढे झुकला आणि माझ्या ओठांकडे बघायला लागला. अख्ख्या चेहऱ्याने. वर्षभर मला हवं होतं ते हेच होतं, आणि ते मला या खोलीत, या दिव्याखाली मिळत होतं. मी पुन्हा तेच विचारलं, सावकाश, पण या वेळी आवाज अजिबात न काढता. नुसते ओठ हलवले. कोणाचे होते?

"कोणाचे म्हणजे?" तो हसला. "तूच तर वाजवत होतीस."

खोली आवाज शोषून घेणारी आहे, त्यामुळे त्याचं वाक्य संपल्यावर काहीच उरलं नाही. तेवढ्यात काहीतरी त्याच्या लक्षात आलं. त्याचं हसू तसंच राहिलं आणि हात हळूहळू वर, कानाकडे गेला. आता त्याला सांगावं लागणार होतं, खुर्चीचं, पोरांचं, सगळं. मी ते सांगणारही होते. पण त्याआधी एक क्षण मी त्या दुसरीचा विचार केला, त्याच्या आत अजून उभ्या असलेल्या, बासरी ओठांना लावलेल्या, श्वास घेतानाही जिचा सूर तुटत नाही अशा मुलीचा, आणि मला तिचा इतका हेवा वाटला की माझाच श्वास मधे तुटला, हुंदक्यासारखा, मोठ्याने. समोर बसून त्याने तो ऐकला नाही.